चावरे तट्टू : त्याची खोड आणि आमची



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही हमालांच्या चळवळीवर बोलू अशी त्यांची खात्री होती. ज्याचे उभे आयुष्य पोत्यांच्या थप्प्या आणि हमालीच्या दरांचे तंटे ह्यांत गेले, त्याने दुसरे काय बोलावे? आम्ही चिठ्ठीवर ‘चावरे तट्टू’ एवढेच लिहून दिले. चिटणीस अंमळ घाबरले. त्यांना वाटले, आम्ही एखाद्या पुढाऱ्याचा समाचार घेणार. तसे काही नाही. आज बोलायचे ते चार पायांच्या, शेपूट असलेल्या, कडबा खाणाऱ्या तट्टाविषयीच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तेव्हापासून गावोगावच्या ह्या व्यासपीठांवर वेदान्तापासून विम्यापर्यंत सारे येऊन गेले आहे. एक तट्टू उभे राहिल्याने व्यासपीठ मोडणार नाही.

शिवाय हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो आमच्या शेजारीच खुंटाला बांधलेला होता.

हकीकत अशी. आमच्या संघटनेतला एक गडी आमच्या शेजारी राहतो. हमालीला जोडधंदा म्हणून त्याने परवाच्या सालच्या मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेतून एक तट्टू आणले. नांदेड जिल्ह्यातली खंडोबाची ती यात्रा तुम्हांला ठाऊक आहे. घोडे घ्यावेत तर माळेगावाहून, अशी आपल्या मराठवाड्याची रीत आहे. रंग कुम्मैत, वय चार वर्षांच्या आतबाहेर, जात नर, चाल बरी. लग्नात नवरदेवाखाली द्यावे आणि जत्रेत पोराटोरांना फेऱ्या माराव्यात, असा बेत. पहिले दोन महिने गावाने तट्टाचे लाड केले. तिसऱ्या महिन्यापासून ते दाताने बाही ओढू लागले. लोक हसले. मग ते खांद्याला तोंड लावू लागले, तेव्हा लोक ओरडले. पुढे दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाआधी, त्याने मालकाच्याच नऊ वर्षांच्या पोराचा दंड धरला. कातडे फाटले, मांस काळेनिळे झाले.

कोणी चुना लावा म्हणाले, कोणी हळद. आम्ही ते होऊ दिले नाही. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने चांगली पंधरा मिनिटे धुतली आणि पोराला दवाखान्यात नेले. हे मुद्दाम सांगतो. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून घोड्याने केलेल्या जखमेवर धनुर्वाताची सुई चुकवू नये. आणि घोड्याला पिसाळलेले कुत्रे चावले असेल तर त्यालाही पिसाळ होते. जन्मभर गरीब असलेले जनावर एकाएकी चावत सुटले तर आधी त्याच्यापासून दूर राहावे आणि पशुवैद्याला बोलवावे. आमच्या तट्टाची खोड हळूहळू वाढत आलेली होती, तेव्हा तो संशय राहिला नाही. तरी डॉक्टरांचा निकाल घेतलाच.

आता प्रश्न आला तट्टाचे काय करायचे. मालक म्हणाला, वीटभट्टीवाल्याला विकतो. जे तट्टू माणसाला धरते त्याला नवरदेवाखाली कोण घेणार? आणि वीटभट्टीवर चावऱ्या जनावराचे तोंड कसे बंद करतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे. ते इथे सांगत नाही. दंडाला पट्टी बांधलेले पोर रडत होते ते दुखते म्हणून नव्हे. ‘त्याला विकू नका’ म्हणून रडत होते. मालकाने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, चैत्रापर्यंत मुदत दे. वाटाघाटीत मुदत मागून घेण्याची आमची जुनी सवय आहे; ती ह्या वेळी फार विचार न करता तोंडातून गेली.

पण त्या सवयीमागे आणखी एक कारण होते, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नाही.

आमचे वडील सोलापुरात टांगा हाकत. घोड्याचे नाव लाल्या. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. दुपारी वडील जेवायला बसले की आम्ही लाल्यापुढे भाकरीचा तुकडा धरायचा आणि त्याने तोंड पुढे केले की हात मागे घ्यायचा, असा खेळ चाले. एके दिवशी आमचा हात मागे यायला उशीर झाला. हे पाहा, ह्या बोटाचे पेर अजून वाकडे आहे. वडील धावत आले, आणि त्यांनी आसूड काढला तो लाल्यावर. लाल्या खुंटाभोवती गरगर फिरत होता आणि आम्ही बोट धरून उभे होतो. ‘चूक माझी’ हे शब्द तोंडाशी आले होते. पण आसूड पाहून ते आम्ही गिळले. त्या दिवसापासून लाल्या कोणीही तोंडाजवळ हात नेला की मान वर फेकी, लगाम घालून घेईना, आणि पुढच्या वर्षी तो विकला गेला. पुढे कामगारांच्या चौकश्यांत कितीदा तरी आम्ही हे दृश्य पाहिले, की अपराध एकाचा आणि आसूड दुसऱ्याच्या पाठीवर. तेव्हा आम्ही तावातावाने भांडलो. लाल्यासाठी मात्र आम्ही भांडलो नव्हतो.

असो. तट्टाकडे येऊ.

गावात पहिले निदान झाले ते भोवऱ्यावर. एका जाणत्या गृहस्थांनी तट्टाच्या डोळ्याखालचा केसांचा भोवरा दाखवला आणि हे जनावर धन्याला रडवणारच असे सांगितले. घोड्याच्या अंगावरचे भोवरे वाचण्याचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. शालिहोत्राच्या नावावर अश्वविद्या सांगणाऱ्या देशात घोड्याच्या रोगाची, खाण्याची, दातांची पुष्कळ खरी माहिती पूर्वापार आहे. पण बाजारात टिकले ते भोवरे. कारण भोवऱ्याचा दोष काढला की मालकाचा दोष निघत नाही. आम्ही त्या गृहस्थांना विचारले, भोवरा तर जन्मापासून आहे, मग पहिले दोन महिने तो का चावला नाही? त्यांनी उत्तर दिले नाही. चहा मात्र घेतला.

खरे निदान केले ते एका धनगर बाईने. रानात धनगरांचा वाडा उतरला होता. धनगरांची तट्टे तुम्ही पाहिली असतील : पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, कोंबड्यांच्या मध्ये नुकते जन्मलेले कोकरू, आणि कधी त्या सगळ्यावर बांधलेले लहान मूल. बायाच ती लादतात, बायाच उतरवतात. ही दख्खनी तट्टे म्हणजे मराठ्यांच्या घोडदळाखालच्या भीमथडी तट्टांचीच भावकी. भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून आता सरकारदरबारी नोंदलीही गेली आहे. चार-सहा तट्टे मोकळी चरत होती, पोरे त्यांच्या पायांतून पळत होती, आणि एकही तोंड टाकत नव्हते. आम्ही त्या आजीला हात जोडून आमच्या खुंटापाशी आणले. ती तट्टापासून चार हात दूर उभी राहिली, वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, “ह्येला चारा न्हाई, सोबत न्हाई, काम न्हाई. मंग त्यो मान्सं खाईल न्हाई तर काय करील, बाबा?”

आम्ही म्हणालो, आजी, काम नाही कसे? लग्नाचे काम आहे.

“त्ये काम न्हवं. त्यो तमाशा,” ती म्हणाली, आणि गेली.

त्या दोन वाक्यांवर आम्ही सहा महिने काम केले. प्रथम चारा. घोड्याच्या पोटाची रचना गाईबैलासारखी नाही. बैल भराभर खातो, मग बसून रवंथ करतो. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर लहान, आणि त्यात आम्लरस रात्रंदिवस झिरपत असतो, पोटात चारा असो वा नसो. मोकळे घोडे दिवसाचे चौदा-सोळा तास थोडे थोडे चरते ते ह्याच कारणाने. आपण त्याला हातभर दाव्याने बांधतो, सकाळ-संध्याकाळ तोबऱ्यात चंदी देतो आणि मधले सारे तास ते रिकाम्या पोटाने भिंतीकडे पाहत उभे असते. पोटात आग, तोंडाला काम नाही. मग ते दावे चावते, खुंट चावते, आणि शेवटी जे जवळ येईल ते चावते. आम्ही चंदी निम्मी केली आणि कडबा बारीक करून दिवसातून पाच-सहा वेळा थोडा थोडा टाकू लागलो. दोनशे किलोंच्या तट्टाला रोजचा चारेक किलो सुका चारा तरी पोटात गेला पाहिजे. मालक कुरकुरला, कडब्याचा भाव काय आहे! आम्ही म्हणालो, पोराच्या दंडाच्या भावाशी ताडून पाहा.

मग दात. चार वर्षांचे तट्टू म्हणजे दात पालटणारे पोर. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे मधले दुधाचे दात पडतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. नराला पुढे सुळेही फुटतात. हिरड्या शिवशिवतात. दवाखान्यातल्या पशुवैद्यांनी तोंडात हात घालून दाखवले की दाढांच्या बाहेरच्या कडा वस्तऱ्यासारख्या झाल्या होत्या आणि गालाला आतून जखमा होत्या. त्यांनी त्या कानशीने घासून दिल्या. लगाम ओढला की हे जनावर का पिसाळते, ते त्या दिवशी मालकाला कळले.

तिसरे, तंग. कोपराच्या मागे, जिथे तंगाचा पट्टा बसतो, तिथे केस गेलेले आणि कातडे सोललेले. नवरदेव बसवायची घाई. दोघांनी धरून तंग एका दमात आवळायचा. तंग आवळताना तट्टू मान वळवते. पहिल्या दिवशी नुसती मान वळवते, दुसऱ्या दिवशी कान मागे टाकते, तिसऱ्या दिवशी शेपूट आपटते, आठव्या दिवशी दात लावते. सभ्य गृहस्थहो, आम्ही तीस वर्षे नोटिसा लिहिल्या. पहिले निवेदन, मग स्मरणपत्र, मग निदर्शने, मग संपाची नोटीस, मग संप. मालकलोक पहिली चार कागदे फाडून टाकतात आणि पाचव्या दिवशी म्हणतात, कामगार एकाएकी बिथरले! ह्या तट्टाने सगळ्या नोटिसा रीतसर दिल्या होत्या. वाचणारा कोणी नव्हता.

इथे आमचे काही तरुण सहकारी टाळ्या वाजवतील, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगतो. मागण्या रास्त असल्या तरी पोराचा दंड धरणे हा मार्ग आम्हांला मान्य नाही. चारा दिला, दात घासले, तंग सैल केला, तरी खोड गेली नव्हती. कारण एव्हाना तट्टाला समजले होते की दात दाखवला की माणूस मागे सरतो. आणि दुसरी गोष्ट म्हणजे दाताने बाही ओढली की गूळ मिळतो. ही दुसरी शिकवण साऱ्या गावाची. येणारा-जाणारा हातातून गूळ, बिस्कीट, जिलेबी देत होता. तट्टाला हात आणि गूळ ह्यांतला भेद कळायचा कसा? हात आला आणि गूळ नसला तर तो हातच चाचपून पाहणार. आम्ही लाल्याला जे शिकवले होते, तेच सास्तूरने ह्याला शिकवले होते, फक्त लाडाने.

म्हणून पहिला नियम केला की हातातून काहीही द्यायचे नाही. जे द्यायचे ते टोपल्यात. आळीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितले, शाळेत जाऊन सांगितले. पहिले पाच-सहा दिवस तट्टू अधिकच अंगावर येऊ लागले, बाह्या ओढू लागले, पाय आपटू लागले. मालक म्हणाला, बिघडले. आम्हांला हे चिन्ह ओळखीचे होते. जी गोष्ट रोज मिळत होती ती बंद झाली की मागणारा आधी जोर वाढवून पाहतो. नेमक्या त्या वेळी एकाने जरी गूळ दिला तर जोर केला की मिळते, हा नवा धडा पक्का होतो. सातव्या दिवसापासून जोर ओसरला.

दुसरा नियम अंतराचा. घोड्यांच्या कळपात कोण कोणाला जागा सोडतो ह्यावरून मान ठरतो. तट्टू आपल्याकडे एक पाऊल टाकते, आपण एक पाऊल मागे सरतो, आणि आपल्याला वाटते काहीच झाले नाही. तट्टाच्या हिशेबी पुष्कळ झालेले असते. तेव्हा त्याला मागे सरायला शिकवले. छातीवर दोन बोटे टेकायची, ‘मागे’ म्हणायचे आणि वाट पाहायची. ढकलायचे नाही, दोनशे किलोंना ढकलून आपण जिंकणार नाही. त्याने अंगाचा भार नुसता मागच्या पायांवर टाकला की बोटे तत्काळ काढून घ्यायची. बोटे निघाली हेच त्याचे बक्षीस. दुसऱ्या दिवशी अर्धे पाऊल, आठवड्याने दोन पावले. दाब देणारे पुष्कळ असतात. दाब वेळेवर काढून घेणारा विरळा. आमच्या हातालाही ते शिकायला आठ दिवस लागले.

चालवण्याचेही तसेच. म्होरकीचा दोर हाताला कधीही गुंडाळू नये. तट्टू उधळले तर बोटे जातात. त्याच्या पुढून ओढत नेऊ नये, डाव्या खांद्याशी राहून बरोबर चालावे. आपण थांबलो, ‘थांब’ म्हटले, की दोर हलकासा ओढायचा. तट्टू थांबताच सैल. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. दिसत नाही ते ठीक शेपटीमागचे आणि कपाळासमोरचे, नाकाखालचे. आपण मात्र प्रेमाने नेमका हात समोरून नाकाशी नेतो! ‘साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. आम्ही जन्मभर साहेबाच्या पुढूनच गेलो, पण घोड्यापुरती ती म्हण खरी आहे. त्यात एवढीच भर घालावी की घोड्याच्या तोंडासमोरूनही जाऊ नये, खांद्याकडून जावे, आणि बोलत जावे.

बांधण्याविषयी एक गोष्ट. आम्ही मालकाला एका झटक्यासरशी सुटणारी गाठ शिकवली, दोराचे मोकळे टोक ओढले की सुटते ती. त्याने विचारले, कशाला? आम्ही ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट म्हणालो, तेव्हा तो गप्प झाला. त्या रात्री गणपती बोळवून गाव झोपले होते. सास्तूर, किल्लारी आणि आसपासच्या खेड्यांत माणसे गेली त्याचा हिशेब सर्वांच्या घरी आहे. दावणीची जनावरे दावणीलाच गेली. त्यानंतर ज्या घरांत ही गाठ मारतात त्या घरांत कोणी कारण विचारत नाही.

आता खुद्द चावण्याचे. तट्टाने तोंड वळवले की काय करावे? गावाचा उपाय एकच : नाकाडावर फटका. आमचाही तोच होता, हे कबूल करतो. तिसऱ्या आठवड्यात खरारा करीत असता त्याने आमची मांडी धरली आणि आम्ही हातातला खरारा त्याच्या तोंडावर हाणला. राग उतरला तेव्हा तट्टू खुंटाच्या पलीकडे मान उंच करून उभे होते, अगदी लाल्यासारखे. पुढचा आठवडा ते आमच्या हाताला तोंड शिवू देईना. झेनोफोन नावाच्या ग्रीक सेनानीने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक पुस्तक लिहिले. रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये, हा त्यातला मुख्य उपदेश. आम्ही ते पंधरा वर्षांपूर्वी वाचलेले होते. वाचलेले मांडीला उपयोगी पडले नाही.

फटक्याचा दोष दोन प्रकारचा. भित्रे तट्टू तोंड चोरायला शिकते. धीट तट्टू, विशेषतः नर, त्याचा खेळच करते : चाव, मान फेक, फटका चुकव. शिंगरे एकमेकांशी असेच खेळतात. शिवाय फटका नेहमी उशिरा बसतो. घोड्याच्या डोक्यात कृत्य आणि फळ ह्यांची गाठ पडायची तर दोन्हींत एक-दोन क्षणांहून अधिक अंतर चालत नाही. आधी ओरडणे, मग काठी शोधणे, मग मारणे, एवढ्यात तट्टू चावणे विसरून गेलेले असते. त्याला एवढेच कळते की हा माणूस जवळ आला की मारतो.

मग केले ते असे. तोंड वळू लागले की आपले कोपर आपसूक त्या जागी असावे. तोंड कोपरावर येऊन आपटते, आपण हात उगारलेला नसतो. आणि त्याच क्षणी ‘मागे’ म्हणून पाच-सहा पावले मागे चालवायचे. रागाने नव्हे, कवायत म्हणून. मग पुन्हा पहिल्या जागी उभे करून जणू काही झालेच नाही असे काम चालू. ह्याच्या उलट, तोंड सरळ ठेवून ते दहा क्षण उभे राहिले की लगेच आयाळ संपते तिथे, पाठीच्या उंचवट्यावर बोटांनी खाजवायचे. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. १९९३ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कामार्ग जातीच्या घोड्यांना ह्या जागी खाजवून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. ते मंद होत असल्याचे आढळले. गुळापेक्षा हे बक्षीस स्वस्त आणि बिनधोक. मात्र खाजवताना तट्टू परतफेड म्हणून आपल्या खांद्याला दात लावू पाहते. तो मैत्रीचा भाव असला तरी आपले कातडे घोड्याचे नव्हे. तिथेही कोपर हवेच. दिवसातून दोन वेळा दहा-पंधरा मिनिटे, त्याहून जास्त नाही. तंगाची जखम भरेपर्यंत तीन आठवडे खोगीर घातलेच नाही. नंतर आधी सैल तंग, चार पावले चालवणे, एक भोक वर, पुन्हा चार पावले.

घोडा माणसाला किती वाचतो ह्याची एक प्रसिद्ध हकीकत आहे. जर्मनीत फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त गणितशिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरे खूर आपटून देई. १९०४ साली चौकशी समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट ह्या संशोधकाने कसून तपास केला आणि १९०७ साली दाखवून दिले की घोड्याला गणित येत नव्हते. प्रश्न विचारणाऱ्याचे डोके, खांदे, श्वास बरोबर आकड्याशी येताच किंचित हलत, आणि हान्स ते पाहून थांबे. विचारणाऱ्याला स्वतःला त्याचा पत्ता नसे. मंडळी ह्यातून घोड्याची फजिती काढतात. आम्हांला तर वाटते, बीजगणितापेक्षा ही विद्या मोठी. आपण मनात भ्यालो की तट्टाला ते आधी कळते. दंड धरला गेलेले पोर पुन्हा जवळ जाताना श्वास रोखून जाई, आणि तट्टू कान टवकारी. त्या पोराला आम्ही तट्टाजवळ जाताना पाढे म्हणायला लावले. सत्ताविसाचा पाढा म्हणणारा माणूस श्वास रोखू शकत नाही. पाढे पाठ झाले, हा वरचा नफा.

कायद्याचे दोन शब्द, कारण तो आमचा धंदा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा, आणि ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांचे नियम १९६५ चे. त्यांत तट्टाच्या पाठीवर ७० किलोंहून अधिक ओझे नको, दिवसात नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांहून अधिक नको, आणि पारा ३७ अंशांच्या वर असताना दुपारी बारा ते तीन काम नको असे आहे. नऊ आणि पाच हे आकडे वाचून आम्ही चमकलो. १९४८ च्या कारखाना कायद्यात माणसासाठी हेच दोन आकडे होते! नवरदेव हे ओझे आहे की नाही, हा प्रश्न वकिलांवर सोपवू. पण हल्लीचे नवरदेव सत्तरात बसत नाहीत आणि आपल्याकडच्या वैशाखात बाराचा मुहूर्त सदतिसात बसत नाही. मालकाने आता संध्याकाळच्याच वराती घ्यायच्या ठरवले आहे. दोन सुपाऱ्या बुडाल्या. त्याबद्दल तो अजून आमच्याशी नीट बोलत नाही.

सोबतीचे मात्र आम्हांला जमले नाही. धनगर आजीने सांगितलेल्या तिन्हींपैकी तेवढे राहून गेले. घोडा कळपाचा जीव. एकट्या खुंटावर तो पुरता सुखी होत नाही. दुसरे तट्टू घेणे मालकाला परवडणारे नाही. एक शेळी शेजारी बांधून पाहिली. दोघांचे बरे जमले आहे, पण शेळी त्याचा कडबा खाते. कामाचे म्हणाल तर रोज सकाळी चाऱ्याचे दोन हलके भारे रानातून आणायला त्याला नेतात. ढोल नाही, माणसांची दाटी नाही. तट्टू त्या वाटेवर वेगळेच दिसते.

आषाढीच्या वाटेवर माउलींच्या रिंगणात अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व धावतात. दोन्हीकडे लाखो माणसे, टाळ-मृदुंगांचा कल्लोळ, आणि घोडा धावला त्या जागची माती कपाळी लावायला झेपावणारी गर्दी. तो घोडा कोणाला तोंड लावीत नाही ह्याचे लोकांना नवल वाटत नाही, कारण तो देवाचा. आम्हांला त्याच्याजवळच्या माणसांचे नवल वाटते. वर्षभर ते त्याच्याशी कसे वागत असतील, हे एकदा अंकलीला जाऊन पाहायचा आमचा विचार आहे.

आमचे तट्टू पुरते सुधारले, असे म्हणणार नाही. होळीला रंगाची पिचकारी अंगावर आली तेव्हा त्याने आमच्या सदऱ्याची बाही फाडली. पण फाडली ती बाहीच. हात आत होता तो सुटला. पूर्वी त्याने हातासकट धरले असते. बाही तशीच ठेवली आहे, शिवलेली नाही. मुदत चैत्रापर्यंतची होती, ती संपली. मालकाने विकण्याचा विषय काढला नाही आणि आम्हीही आठवण दिली नाही.

गेल्या आठवड्यात त्याने पहिली वरात केली. दोर पोराच्या हातात होता. वाजंत्री चढली, नवरीच्या मामांनी आनंदाच्या भरात जिलेबी घेऊन हात पुढे केला. तट्टाने मान लांबवली, ओठ हलवले. पोराने छातीला बोटे टेकली. एक पाऊल मागे. मामांनी विचारले, का रे, जिलेबी खात नाही काय? पोर म्हणाले, खातो, पण टोपल्यात टाका.

तट्टू आत्ता बाहेर, चिंचेखाली बांधले आहे. पोर तिथेच बसले आहे, त्याला व्याख्यान ऐकायचे नव्हते. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर खांद्याकडून जावे. टोपले झाडाच्या बुंध्याशी आहे.